कुत्र्यासाठी टाकलेलं आर्टिफिशियल ग्रास कसं धुवायचं: वास परत येऊ नये म्हणून नेमका क्रम

आर्टिफिशियल ग्रासवर रोज पाणी मारतो, शाम्पूने घासतो, सुगंधी स्प्रेपण मारतो, तरी ऊन चढलं की वास येतोच, ही तक्रार ज्यांच्याकडे कुत्रा आणि हे गवत दोन्ही आहे त्यांच्याकडून हमखास ऐकायला मिळते. आणि नीट विचारत गेलं की जवळपास प्रत्येक वेळी तेच निघतं, वरची पाती धुतली जातायत आणि शू खाली बसलीय. प्लास्टिकच्या पात्यांवर शू टिकतच नाही, ती घसरून खाली जाते, मॅटच्या पाठीला, पाणी जायला ठेवलेल्या भोकांच्या कडांना, पात्यांमध्ये भरलेल्या वाळूत आणि खालच्या फरशीवर, आणि वास तिथून येतो. सामान बहुतेकांकडे बरोबर असतं, क्रम चुकतो, म्हणून इथे काय वापरायचं यापेक्षा कशाच्या आधी काय करायचं यावर जास्त लिहितोय.

एक गोष्ट आधी समजून घ्या कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ताज्या शूमध्ये युरिया असतो, त्याला फारसा वास नसतो आणि तो पाण्यात अगदी सहज विरघळतो. तो तसाच पडून राहिला की बॅक्टेरिया त्याचा अमोनिया करतात, तोच तो नाकात आणि डोळ्यात चुरचुरणारा वास, आणि गरमी असेल, ओल असेल तर हे काम जोरात चालतं. म्हणजे पहिल्या तासाभरात जे काम नुसतं साधं पाणी करतं ते चार दिवसांनी चांगला क्लिनरसुद्धा धड करत नाही.

आणि शू किती असते याचा अंदाज लोकांना नसतो. निरोगी कुत्रा दिवसभरात साधारण दर किलो वजनामागे २४ ते ४८ मिली शू करतो, म्हणजे २० किलोचा कुत्रा धरला तर अर्धा ते एक लिटर. त्यातली बरीचशी एकाच कोपऱ्यात. त्यावर तुम्ही एक मग पाणी टाकलं तर शू धुतली जात नाही, पातळ होऊन अजून लांब पसरते एवढंच.

## सामान काय लागेल आणि काय लांब ठेवायचं

कडक नायलॉनचा ब्रश (लांब दांड्याचा असेल तर कंबर वाचते), पाईप किंवा दोन बादल्या, शी उचलायचा खुरपा नाहीतर पिशव्या, हातमोजे, प्राण्यांच्या शूसाठीच बनवलेलं एन्झाईम क्लिनर, पांढरं व्हिनेगर आणि एक झारी. झारी मुद्दाम सांगतोय. बहुतेक जण क्लिनर स्प्रे बाटलीने मारतात आणि त्या फवाऱ्यात फक्त पाती ओली होतात, खालपर्यंत थेंब पोचत नाही. झारीने ओतलं की ते शू जिथे गेली त्याच वाटेने खाली जातं.

लांब ठेवायच्या गोष्टी:

ब्लीच. शू मुरलेल्या गवतावर ब्लीच टाकलं की त्यातल्या अमोनियाशी मिळून क्लोरामाईनचा विषारी वायू तयार होतो. तो तुमच्या श्वासात जातो आणि जमिनीलगत नाक असलेल्या कुत्र्याच्या त्याहून आधी जातो. शिवाय ब्लीचने गवताचा रंग उडतो.

अमोनियावालं कुठलंही क्लिनर. कुत्र्याला तो शूसारखाच वास येतो आणि तो पुन्हा तिथेच शू करतो.

फिनाईल, पाईन ऑईलवालं फ्लोअर क्लिनर, टी ट्री ऑईल. कुत्रा त्यावर चालतो आणि नंतर पंजे चाटतो, त्यामुळे हे पोटात जातं. हे त्याच्यासाठी खरंच घातक आहे, इथे थोडंसं चालेल असं काही नसतं.

उकळतं पाणी आणि तारेचा ब्रश. पाती पॉलिइथिलीनची असतात, गरम पाण्याने ती मऊ पडून आडवी होतात आणि मग उभी राहत नाहीत, पाठीचा चिकट थरपण ढिला होतो. तारेच्या ब्रशने पात्यांची टोकं फाटतात.

कपड्यांची पावडर. फेस पूर्ण निघत नाही, तो वाळून चिकट थर होतो आणि त्याला धूळ, केस सगळं चिकटतं.

## १. आधी पाणी कुठे जातंय ते बघा

ही पायरी सगळे सोडतात आणि मग पुढचं सगळं वाया जातं. गवत कोरडं असताना कुत्र्याच्या आवडत्या जागी अर्धी बादली पाणी हळूहळू ओता आणि उभं राहून बघा. पाणी काही सेकंदांत गायब व्हायला पाहिजे. ते तसंच साचून राहिलं, किंवा भोकांतून बारीक बुडबुडे वर यायला लागले आणि पाणी रेंगाळलं, तर भोकं केसांनी आणि धुळीने बुजलीयत किंवा खाली पाणी तुंबलंय.

नंतर पाणी बाहेर कुठून पडतं ते शोधा. बाल्कनी किंवा गच्ची असेल तर पाणी बाहेर जायच्या तोंडावरच्या जाळीपाशी जा, ती उघडून बघा. केस, वाळू आणि बुळबुळीत गाळ असा एक गोळा तिथे बऱ्याचदा सापडतो. तो हाताने काढा. जितकं पाणी ओतलं त्याच्या आसपास बाहेर आलं पाहिजे, नाही आलं तर ते मॅटखालीच बसलंय आणि तुम्ही जितकं जास्त धुवाल तितका वास वाढेल.

बाल्कनीत थेट फरशीवर मॅट अंथरली असेल तर निचरा कधीच नीट होत नाही हे मान्य करा. मॅटखाली प्लास्टिकच्या जाळीच्या टाईल्स टाकून ती थोडी उचलून घ्या, म्हणजे खालून पाणी वाहतं आणि हवा खेळते. या एका बदलाने जो फरक पडतो तो कुठल्याही बाटलीने पडत नाही.

चेक करा: पाणी साचत नाही, जाळी मोकळी आहे. हे दोन्ही हो असेल तरच पुढे जा.

## २. वास नेमका कुठून येतोय ते शोधा

पूर्ण गवतभर क्लिनर ओतू नका, संपून जाईल आणि जिथे खरंच लागतं तिथे कमी पडेल. मॅट सुटी असेल तर एक कोपरा उचला आणि पाठ बघा. जुनी जागा लगेच कळते, काळ्या पाठीवर पिवळट पांढरी खपली धरलेली असते, भोकांभोवती चिकट तपकिरी कडा असते आणि खालच्या फरशीला बोट लावलं तर बुळबुळीत लागतं.

मॅट पक्की चिकटवलेली असेल तर रात्री यूव्ही टॉर्च घेऊन फिरा, ३६५ ते ३९५ नॅनोमीटरवाला. वाळलेली शू पिवळट हिरवी चमकते. कपड्यांच्या पावडरीचे डागपण चमकतात, ते जास्त निळे दिसतात, त्यामुळे टॉर्चने दाखवलेल्या जागी एकदा वाकून नाकाने खात्री करून घ्या.

आणि नर कुत्रा असेल तर भिंत बघा! तो पाय वर करून भिंतीवर, कुंडीवर, रेलिंगच्या पायावर शू करतो, ओघळ खाली गवतात उतरतो, आणि घरचे बिचारे गवत धूत बसतात. भिंतीचा खालचा हातभर भाग, कुंडीची पाठ, दरवाज्याची चौकट हे सगळं याच यादीत घ्या.

सापडलेल्या जागांना खडूने किंवा खडे ठेवून खूण करा. खूण करताना डागाच्या बाहेर चारी बाजूंनी वीतभर जास्त धरा, खाली ओल वरच्यापेक्षा जास्त पसरलेली असते.

## ३. कोरडं काम आधी

गवत पूर्ण कोरडं पाहिजे. ओल्या गवतावर झाडू मारला की केसांच्या वाती होतात आणि त्या पात्यांच्या बुडाशी अजून घट्ट बसतात.

शी उचला, पानं उचला, मग नायलॉनचा ब्रश पाती ज्या दिशेला झुकलीत त्याच्या उलट दिशेने ओढा. छोटे छोटे झटके, जोर लावून खरवडायचं नाही. जाड अंडरकोटवाला (आतल्या मऊ दाट केसांचा) कुत्रा असेल तर पहिल्या दोन ओढींतच ब्रशला नमद्यासारखा केसांचा पट्टा लागून येतो, तो काढून टाकत राहा. हे केस भोकं बुजवतात आणि शू धरून ठेवतात, म्हणून पाणी मारायच्या आधी ते गेलेच पाहिजेत.

व्हॅक्युम वापरायचा मोह होतो. गवतात वाळू भरलेली असेल तर वापरू नका, वाळू ओढली जाते, मशीन बिघडतं आणि पाती लोळायला लागतात.

## ४. पहिलं पाणी, आणि भरपूर

खूण केलेल्या प्रत्येक जागेवर साधं थंड पाणी, निदान एक पूर्ण बादली. पाईप असेल तर उंचावरून फवारा उडवत बसू नका, तोंड खाली जवळ आणून पाणी मुरू द्या. निचऱ्याकडून सर्वात लांब असलेल्या टोकापासून सुरू करा आणि जाळीकडे येत जा, उलटं केलंत तर घाण धुतलेल्या भागावरूनच परत वाहणार. भिंत आधी, गवत नंतर.

प्रेशर वॉशर असेल तर पंख्यासारखा पसरणारा नोझल लावा, निदान ३० सेंटिमीटर लांब धरा आणि तिरका धरा. सरळ खाली मारलात तर वाळू उडून जाते आणि मॅटचे सांधे उसवतात. रोजच्या कामाला तर तो लागतच नाही.

पाणी मारून झालं की अर्धा तास थांबा. एन्झाईम लगेच ओतलं तर ते साचलेल्या पाण्यात इतकं पातळ होतं की काहीच करत नाही. गवत ओलसर पाहिजे, निथळतं नको.

चेक करा: जाळीतून येणारं पाणी शेवटी शेवटी स्वच्छ दिसतंय का? गढूळ, पिवळट असेल तर अजून एक बादली.

## ५. एन्झाईम क्लिनर, इथे घाई नको

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. एन्झाईम हे साबणासारखं घासून काढायचं काम करत नाही, ते शूमधल्या सेंद्रिय घाणीचे हळूहळू तुकडे करतं, आणि त्यासाठी त्याला दोन गोष्टी लागतात, ओल आणि वेळ. ते वाळलं की काम थांबलं. लोक भर दुपारी उन्हात स्प्रे मारतात, पाच मिनिटांत गवत खडखडीत वाळतं आणि मग म्हणतात हे प्रॉडक्टच बेकार आहे.

म्हणून वेळ संध्याकाळची निवडा. बाटलीवर लिहिलंय तेवढंच पाणी मिसळा, आणि ते पाणी गरम नको, गरम पाण्याने एन्झाईम मरतं. झारीत घ्या आणि खूण केलेल्या भागावर ओता, जितकी शू तिथे गेली असेल तितकं तरी द्रव खाली गेलं पाहिजे, नुसती पाती चमकली म्हणजे झालं असं नाही. ब्रशने हलकेच दाबून घ्या म्हणजे बुडापर्यंत जाईल.

मग थांबा. बाटलीवर दिलेला वेळ हा कमीत कमी समजा. नवीन डागाला अर्धा तास पुरतो, जुन्या मुरलेल्या जागेवर मी रात्रभर ठेवायला सांगेन, वर प्लास्टिकचा कागद अंथरायचा आणि कडांना वजन ठेवायचं म्हणजे ओल टिकते. तेवढा वेळ कुत्र्याला तिथे सोडायचं नाही, त्यामुळे त्याची रात्रीची शू कुठे होणार ते आधी ठरवून ठेवा.

लक्ष द्या: एन्झाईमच्या आधी किंवा सोबत व्हिनेगर, जंतुनाशक, साबण काही टाकू नका. जंतुनाशक हे क्लिनरमधले चांगले बॅक्टेरिया आणि एन्झाईम दोन्ही निकामी करतं. एका दिवशी एकच औषध.

जुन्या जागेला एकदा करून वास पूर्ण जात नाही, आणि कधी कधी पहिल्या दिवशी तर तो वाढल्यासारखा वाटतो कारण वाळून बसलेलं सगळं पुन्हा ओलं झालेलं असतं. घाबरून परफ्यूम मारू नका. दोन तीन दिवसांनी पुन्हा तेच करा.

## ६. शेवटचं पाणी आणि वाळवणं

सकाळी कागद काढा आणि पुन्हा भरपूर साधं पाणी, तुकडे झालेली घाण बाहेर जायला पाहिजे ना, ती तिथेच राहिली तर नवीन बॅक्टेरियांना खाऊ मिळतो. मग गवत पूर्ण वाळू द्या. सुटी मॅट असेल तर रेलिंगवर उलटी टाका, पाठीला ऊन आणि वारा लागू दे, तोवर खालची फरशी घासून घ्या. मॅट धुतली आणि फरशी नाही धुतली तर सगळी मेहनत पाण्यात.

वाळल्यावर पुन्हा एकदा ब्रश उलट दिशेने, म्हणजे पाती उभी राहतात. कुत्र्याला कोरड्या गवतावरच सोडायचं.

चेक करा: पूर्ण वाळल्यावर त्याच जागी थोडं पाणी शिंपडा आणि दहा मिनिटांनी वास घ्या. कोरड्या गवताला वास नसणं याला अर्थ नाही, ओलं केल्यावरही येत नाही तेव्हा काम झालं.

## व्हिनेगर आणि सोड्याबद्दल

पांढरं व्हिनेगर आणि पाणी अर्धं अर्धं करून टाकलं की अमोनियाचा वास लगेच मरतो, कारण व्हिनेगरमधलं आम्ल अमोनियाला बांधून टाकतं. अचानक पाहुणे येणार असतील तेव्हा हा उपाय छान आहे. पण खालची घाण त्याने जात नाही, त्यामुळे तो एन्झाईमची जागा घेऊ शकत नाही. आणि जिथे आधी कुणी ब्लीच वापरलं असेल तिथे व्हिनेगर अजिबात नको, क्लोरीन वायू निघतो.

खाण्याचा सोडा सगळीकडे सुचवला जातो आणि मला तो शूच्या वासासाठी पटत नाही. सोडा अल्कधर्मी आहे, आणि अल्कधर्मी ठिकाणी अमोनिया उलट जास्त सुटतो. शीच्या किंवा उलटीच्या आंबूस वासावर तो चालतो, तिथे कोरड्या गवतावर पातळ भुरभुरवा, रात्रभर ठेवा, झाडून काढा. दोन्ही एकत्र केले की फेस येतो, बघायला बरं वाटतं, पण ते एकमेकांना निष्प्रभ करतात आणि हातात खारट पाणी उरतं.

## शी आणि जुलाब

घट्ट शी लगेच उचला, उद्यावर टाकू नका. यात वासापेक्षा मोठं कारण आहे, गोलकृमींची अंडी शीतून बाहेर पडल्यावर दोन ते चार आठवड्यांनी लागण करण्याजोगी होतात, हुकवर्मच्या (हाही आतड्यातला कृमीच) अळ्या तर आठवडाभरातच, आणि घरात रांगणारं मूल असेल तर तेही याच गवतावर हात ठेवतं.

जुलाबाची शी पुसायला जाऊ नका, पुसलं की ती पात्यांच्या बुडात भरते. त्यावर लाकडाचा भुसा किंवा कोरडी वाळू टाका, ओल शोषू द्या, मग खुरप्याने कडेकडून मध्यभागी गोळा करत पात्यांच्या दिशेने उचला. उरलेल्यावर पाणी, मग वरचा पाचवा आणि सहावा टप्पा.

पार्व्हो (कुत्र्यांना होणारा जुलाब-उलट्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) झालेला कुत्रा त्या गवतावर गेला असेल तर हे सगळं पुरेसं नाही. तो विषाणू बाहेर अनेक महिने टिकतो आणि एन्झाईम क्लिनरने मरत नाही. छोटी मॅट असेल तर सरळ टाकून द्या, मोठं पक्कं गवत असेल तर नवीन पिल्लू आणायच्या आधी व्हेटशी बोला.

## रोज, आठवड्याला, महिन्याला

रोज: शी उचलणं आणि शूच्या जागेवर बादलीभर पाणी, शक्यतो शू झाल्या झाल्या. बाकी सगळं चुकलं तरी चालेल, हे चुकवू नका.

आठवड्यातून एकदा: कोरडा ब्रश, जाळी साफ, आवडत्या कोपऱ्यावर एन्झाईम. दोन तीन कुत्रे असतील तर आठवड्यातून दोनदा.

महिन्यातून एकदा: वरचे सगळे टप्पे, मॅट उचलता येत असेल तर उचलून. कडा, सांधे, खिळेपण बघा, उकरणारा कुत्रा असेल तर सुटलेल्या कडेत त्याची नखं अडकतात.

ट्रेवाली छोटी मॅट असेल तर ट्रे रोज रिकामा करून धुवा आणि मॅट दोन ठेवा, एक वापरात एक वाळत. एकाच मॅटवर भागवलं की ती कधीच पूर्ण वाळत नाही.

पावसात धुतलं जातंय असं समजून लोक ब्रश आणि क्लिनर दोन्ही बंद करतात. पावसाने पाती धुतली जातात, पण निचरा बुजलेला असेल तर खाली सतत ओल राहते आणि पहिलं ऊन पडल्याबरोबर वास उसळतो. त्या दिवसांत जाळी जास्त वेळा बघा.

उन्हाळ्यात वेगळी काळजी. थेट उन्हात हे गवत ६० अंशांच्या वर तापू शकतं. हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवा, नाही ठेववली तर पंजेही ठेववणार नाहीत. आधी पाणी मारून थंड करा, पण तो गारवा फार वेळ टिकत नाही, त्यामुळे दुपारी सावलीची जागाच हवी.

## वाळू आणि झिओलाईट

पात्यांमध्ये साधी वाळू किंवा रबराचे दाणे भरलेले असतील आणि वास हटतच नसेल तर दोष बऱ्याचदा त्या भरावाचा असतो. रबर तापतं आणि वास धरतं. त्याऐवजी झिओलाईट नावाच्या खनिजाचे दाणे मिळतात, ते अमोनियम धरून ठेवतात त्यामुळे वास कमी सुटतो. पण त्यांची धरायची ताकद भरत जाते, म्हणजे एकदा टाकून विसरून जायची ही गोष्ट नाही, वरचेवर भरपूर पाणी द्यावं लागतं आणि आवडत्या कोपऱ्यातले दाणे अधूनमधून बदलावे लागतात.

## कधी बदलायचं

तीन वेळा पूर्ण क्रमाने करूनही पाणी शिंपडल्यावर वास येत असेल, पाठीचा थर हाताला भुकटीसारखा लागत असेल किंवा सोलून निघत असेल, तर ती मॅट गेली. लेटेक्सची पाठ वर्षानुवर्षं ओल धरून अशीच खराब होते, नवीन घेताना पॉलियुरेथेनची पाठ मागा, ती कमी शोषते. पूर्ण लॉन बदलायची गरज नसते, फक्त शूच्या कोपऱ्याचा तुकडा कापून तिथे सुटी मॅट बसवता येते, जी पुढे उचलून धुता येईल. जुना तुकडा काढल्यावर खालची फरशी घासा, तिथेही एन्झाईम ओता, बादलीभर पाणी टाकून उतार नीट आहे ना बघा आणि फरशी पूर्ण वाळल्याशिवाय नवीन मॅट टाकू नका.